वेशीवरील साखळदंड : जिनोआच्या जुन्या नगरातून एक फेरी

महोत्सव म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पताका, बेंडबाजा, मिरवणूक आणि पंगती उभ्या राहतात. आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु ज्या प्राचीन शब्दापासून ही महोत्सवाची कल्पना जन्मास आली, त्या ‘योबेल’ शब्दाचा मूळ अर्थ याहून पुष्कळच कठोर आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, पन्नासावे वर्ष उजाडले म्हणजे देशभर रणशिंग फुंकावे, दास्यात पडलेल्यास मुक्त करावे, आणि ज्याचे वतन दुसऱ्याच्या हाती गेले असेल त्याचे ते त्यास परत द्यावे. म्हणजे योबेल हा प्रथमतः परत करण्याचा सण आहे. आनंद त्याच्या मागून येतो.

हा अर्थ सेमिनरीत असताना मी पाठ केला होता. परंतु तो मनात ठसला तो पुष्कळ वर्षांनी, रोमहून परतताना इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जिनोआ नगरीत दोन दिवस राहण्याचा योग आला तेव्हा. इटालियन लोक या शहरास जेनोवा म्हणतात. एके काळी व्हेनिसशी बरोबरी करणारे हे समुद्रावरील प्रजासत्ताक होते. त्याची गलबते काळ्या समुद्रापासून इंग्लंडपर्यंत फिरत. अशा नगराने आठशे वर्षांत काय काय आणले, काय ठेवून घेतले आणि काय परत केले, याचा हिशेब तेथील दगडांवर लिहिलेला आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या सुवर्ण महोत्सवी वर्षात वाचकांनी माझ्याबरोबर त्या जुन्या नगरातून एक फेरी मारावी, एवढीच विनंती आहे.

फेरीचा प्रारंभ बंदरावरूनच करावयास हवा, कारण हे शहर समुद्राच्या पोटी जन्मले. मागे डोंगरांची अर्धवर्तुळाकार भिंत, पुढे पाणी, आणि या दोहोंमध्ये दाटीवाटीने उभी राहिलेली सहा-सात मजल्यांची घरे. पश्चिमेस ‘लान्तेर्ना’ नावाचे दीपगृह दिसते. सांप्रतचा मनोरा १५४३ सालचा असून तो ७७ मीटर उंच आहे. त्याच्याकडे पाठ करून धक्क्यावरून आत वळले की रंगीत भित्तिचित्रांनी सजविलेली एक मोठी वास्तू समोर येते. हाच सान जोर्जो, म्हणजे संत जॉर्ज, याच्या नावाचा वाडा.

या वाड्याचा जुना भाग १२६० साली बांधला गेला. बांधविणारा नगराचा लोकनायक गुल्येल्मो बोक्कानेग्रा, आणि बांधकामावर देखरेख करणारा ओलिव्हेरिओ नावाचा सिस्टर्शियन संन्यासी. या वाड्यास लावलेले काही दगड जिनोआचे नव्हेत. १२६१ साली कॉन्स्टँटिनोपल पुन्हा ग्रीक बादशहाच्या हाती आले, तेव्हा त्याने तेथील व्हेनिसवाल्यांची वास्तू आपल्या जिनोआच्या मित्रांस देऊन टाकली. या मित्रांनी ती पाडली आणि तिचे दगड गलबतात घालून घरी आणले. दारावरील सिंहांची मुखे त्यांतलीच. शत्रूच्या घराचा दगड आपल्या घराच्या दर्शनी भागी बसविण्यात त्या काळच्या माणसांस केवढी धन्यता वाटली असेल! त्या सिंहांखालून आपण आत शिरतो.

या वाड्याचा काही भाग पुढे तुरुंग म्हणून वापरात होता, आणि नगराची परंपरा अशी की व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो येथेच बंदिवान होता. तो कोणत्या लढाईत सापडला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळ जण १२९८ च्या सप्टेंबरातील कुर्झोलाच्या लढाईचे नाव घेतात. तुरुंगात त्याला रुस्तिकेल्लो नावाचा पिसा शहरचा एक लेखक सोबती मिळाला. मार्कोने सांगावे आणि रुस्तिकेल्लोने लिहावे, अशा रीतीने त्याच्या प्रवासाचा जगद्विख्यात ग्रंथ तयार झाला. आमच्या वाचकांस याचे विशेष कौतुक वाटावे, कारण त्या ग्रंथात आपल्या ठाण्याच्या राज्याचे वर्णन आहे. तेथील राजा स्वतंत्र आहे, तेथून कमावलेले कातडे, धूप आणि सुती कापड परदेशी जाते, आणि तेथील समुद्रात चाचे माजले आहेत, असे त्यात लिहिले आहे. आपल्या किनाऱ्याचे नाव युरोपभर गेले ते एका बंदिखान्यातून गेले. १२९९ साली व्हेनिसशी तह झाला आणि मार्को सुटून घरी परतला.

परंतु तो लेखक रुस्तिकेल्लो तेथे कसा आला? पिसा हे जिनोआचे दक्षिणेकडील शेजारी बंदर. दोन्ही शहरे ख्रिस्ती, दोघांची भाषा जवळची, दोघांचा व्यापार एकाच समुद्रावर. आणि म्हणूनच की काय, वैर मोठे विखारी. ६ ऑगस्ट १२८४ रोजी मेलोरिया नावाच्या खडकाजवळ ओबेर्तो दोरिया याच्या आरमाराने पिसाचा असा पराभव केला की त्यातून ते शहर पुन्हा सावरले नाही. सुमारे ९,००० कैदी जिनोआस आणले गेले. पिसा पाहावयाचे असेल तर जिनोआस जावे, अशी म्हणच त्या काळी पडली. मार्कोचा लेखनिक याच कैद्यांपैकी असावा असे मानतात. हे लोक पंधरा वर्षे खितपत पडले. मधल्या काळात तह झाले आणि मोडले, आणि १२९९ साली खरा तह होईतो त्यांतील बहुतेक मरून गेले होते.

या प्रसंगाची एक आठवण तोंडात घालता येते. वाड्यापासून निघालो की ‘सोत्तोरीपा’ नावाची कमानींची लांब ओसरी लागते; बाराव्या शतकापासून येथे दुकाने आहेत. आजही तेथे तळलेली मासळी आणि ‘फरिनाता’ मिळते. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून, त्यात ऑलिव्हचे तेल व मीठ घालून, तांब्याच्या मोठ्या परातीत पसरावयाचे आणि लाकडाच्या भट्टीत भाजावयाचे, असा तो प्रकार. चव आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या जवळची. आख्यायिका अशी की, मेलोरियाहून परतताना वादळात पिठाची पोती आणि तेलाचे बुधले फुटून समुद्राच्या पाण्यात मिसळले, तो लगदा उन्हात वाळला, आणि उपाशी माणसांनी तो खाल्ला. जिनोआच्या लोकांनी त्याला थट्टेने ‘पिसाचे सोने’ म्हटले. मी तो खमंग तुकडा आनंदाने खाल्ला, हे कबूल करतो. त्याचे नाव मागाहून कळले.

तेथून चढणीने वर गेले की संत लॉरेन्सचे महामंदिर, म्हणजे जिनोआच्या आर्चबिशपांचे कॅथिड्रल. काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे आडवे पट्टे, पायऱ्यांशी दोन सिंह, आणि आत थंड अंधार. १११८ साली पोप दुसरे गेलासियस यांनी या मंदिराचा अभिषेक केला. येथील सर्वांत पूज्य ठेवा म्हणजे संत योहान बाप्तिस्ता याच्या म्हणून मानलेल्या अस्थींची रक्षा. पहिल्या क्रुसेडच्या वेळी जिनोआच्या खलाशांनी ती आशिया मायनरातील मिरा येथून आणली. समुद्र खवळला म्हणजे ही रक्षा मिरवणुकीने बंदरावर नेत आणि लाटा शांत व्हाव्यात म्हणून प्रार्थना करीत. मी तेथे गुडघे टेकले. पण टेकताना मनात एक प्रश्न आल्यावाचून राहिला नाही : मिराच्या ज्या म्हाताऱ्या आजीने दर सणाला त्या समाधीपुढे दिवा लावला असेल, तिला दुसऱ्या सकाळी काय वाटले असेल? भक्तीनेही माणूस दुसऱ्याचे उचलून आणतो.

मंदिराच्या भांडारात एक हिरवे, षट्कोनी पात्र आहे. त्यास ‘पवित्र पात्र’ म्हणतात. ११०१ साली पॅलेस्टाइनमधील सीझरिया शहर लुटले गेले त्या वेळी ते जिनोआकरांच्या हाती लागले. ते एका अखंड पाचूचे आहे आणि प्रभूने अखेरच्या भोजनप्रसंगी वापरलेले आहे अशी श्रद्धा पुढे रूढ झाली. नेपोलियनने १८०६ साली ते पॅरिसला नेले. लुटलेली वस्तू लुटली गेली! १८१६ साली ते परत आले तेव्हा फुटलेले होते, आणि पाचू नव्हे, हिरवी काच आहे, हे उघड झाले होते. मुसलमानी देशांतील जुन्या कारागिरांच्या हातची ती सुंदर काच आहे असे आज विद्वान मानतात. तुकडे जोडून ते पात्र तेथे ठेविले आहे. एक तुकडा मात्र परत आलाच नाही. जिनोआच्या लोकांनी ते फेकून दिले नाही, याचे मला मोठे समाधान वाटले. मोल गेले, तरी आठवण राहिली.

त्याच मंदिरात उजव्या बाजूस तोफेचा एक अजस्र गोळा उभा आहे. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने जिनोआवर तोफांचा मारा केला, तेव्हा ‘मलाया’ या युद्धनौकेचा ३८१ मिलिमीटर व्यासाचा गोळा भिंत फोडून आत पडला. पण तो फुटला नाही. खाली कृतज्ञतेचा लेख आहे. त्या दिवशी शहरात अन्यत्र पडलेल्या गोळ्यांनी अनेकांचे प्राण घेतले. म्हणून या गोळ्यापुढे उभे राहणाऱ्याने उपकारस्मरणाबरोबरच त्या मृतांसाठीही एक प्रार्थना म्हणावी.

हे मंदिर सोडण्यापूर्वी एका आर्चबिशपांचे स्मरण केले पाहिजे. याकोपो दा वाराजिने हे डॉमिनिकन संन्यासी १२९२ पासून १२९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत या आसनावर होते. ‘सुवर्ण आख्यायिका’ या नावाने प्रसिद्ध झालेला संतचरित्रांचा ग्रंथ त्यांचाच. छापण्याची कला येण्यापूर्वी बायबलच्या खालोखाल ज्या पुस्तकांच्या प्रती झाल्या, त्यांत त्याची गणना होते. परंतु त्यांच्या नगरात त्या वेळी दोन पक्ष एकमेकांचे गळे कापीत होते. १२९५ च्या आरंभी त्यांनी मोठ्या कष्टाने दोन्ही पक्षांस एकत्र आणून शांतीची शपथ घेवविली. सारे शहर आनंदले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तलवारी पुन्हा उपसल्या गेल्या, आणि त्या दंगलीत खुद्द या मंदिरास आग लागली. धर्मगुरूचे प्रयत्न कसे निष्फळ होतात याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी या वृद्ध आर्चबिशपांकडे पाहावे. ते खचले नाहीत. ख्रिस्तसभेने त्यांस १८१६ साली धन्यवादित म्हणून जाहीर केले.

मंदिराच्या मागील चौकातून थोडे पुढे गेलो की ‘पोर्ता सोप्राना’ ही जुनी वेस लागते. दोन उंच बुरूज आणि मध्ये कमान. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा चालून येईल या भीतीने ११५५ च्या सुमारास नगरवासीयांनी जो कोट बांधला, त्याची ही वेस. येणाऱ्यास उद्देशून तेथे लॅटिन शिलालेख आहे. त्याचा आशय असा : शांती घेऊन येत असाल तर खुशाल आत या, युद्ध घेऊन याल तर दुःखी व पराभूत होऊन परत जाल.

आता या वेशीवर काय टांगले होते ते ऐका. १२९० साली कोर्रादो दोरियाने पिसाच्या बंदरावर हल्ला करून ते उद्ध्वस्त केले. त्या बंदराच्या तोंडाशी शत्रूची गलबते अडविण्यासाठी लोखंडी साखळदंड आडवा ताणलेला असे. ती साखळी तोडून जिनोआस आणण्यात आली, आणि तिचे तुकडे करून नगराच्या वेशींवर आणि मंदिरांच्या भिंतींवर टांगण्यात आले. या पोर्ता सोप्रानावरही तिचा तुकडा होता. बाप मुलास बोट दाखवून सांगे, ‘ते बघ, पिसाचे!’ तो मुलगा मोठा होऊन आपल्या मुलास तेच सांगे. अशा वीस पिढ्या गेल्या. ज्यांनी ती लढाई पाहिली त्यांची हाडेही उरली नाहीत, पण अभिमान मात्र टांगलेलाच राहिला.

वेशीच्या पायथ्याशी एक लहानसे पडके घर आहे. ख्रिस्तोफर कोलंबस, ज्याचा जन्म १४५१ साली याच नगरात एका विणकराच्या पोटी झाला, तो बालपणी येथे राहत असे, असे सांगतात. १६८४ साली फ्रेंच आरमाराने शहरावर तोफा डागल्या, त्यात मूळ घर गेले. आज दिसते ते त्यानंतर उभारलेले. आपल्या शेवटच्या सफरीपूर्वी, एप्रिल १५०२ मध्ये, कोलंबसाने सान जोर्जोच्या पेढीस पत्र लिहून कळविले होते की, माझ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा माझ्या गावी धान्य, दारू आणि इतर खाद्यपदार्थ यांवरील जकात कमी करण्याकडे लावावा. विणकराचा मुलगा गरिबाच्या भाकरीवरील जकात विसरला नव्हता, हे वाचून मन भरून येते. परंतु याच माणसाने १४९५ साली नव्या जगातील सुमारे ५०० स्त्रीपुरुष पकडून विकण्यासाठी स्पेनला धाडले होते. एकाच हृदयात घरच्यांसाठी दया आणि परक्यांसाठी बेडी! जिनोआच्या व्यापाऱ्यांनीही काळ्या समुद्रावरील काफ्फा बंदरातून गुलाम आणून विकले होते. तो त्याच्या गावचा जुनाच धंदा होता.

वेशीपासून दक्षिणेकडे अरुंद बोळातून उतरत गेलो की ‘काम्पोपिसानो’ हा चौक येतो. या नावाचा अर्थ ‘पिसाचे शेत’. मेलोरियाच्या कैद्यांची आठवण या नावात आहे. जे बंदीतच मेले त्यांस येथे पुरले, असे नगरवासी सांगतात. पायाखाली समुद्रातील काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी, भोवती उंच घरे, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये खेळणारी पोरे. ज्यांना सोडावयाचे ते सोडले, जे टांगावयाचे ते टांगले. पण जे येथे पडले त्यांस परत देण्याचा उपाय कोणत्याही योबेलात नाही. मी तेथे मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. एका मुलाचा चेंडू माझ्या पायाशी आला, तो मी त्यास दिला. त्या चौकात मला देता येण्यासारखे एवढेच होते.

येथवर घेतल्याचाच हिशेब झाला. पण नगराचा दुसराही हिशेब आहे, आणि तो पाहण्यासाठी पुन्हा वेशीबाहेर पूर्वेस पोर्तोरिया नावाच्या भागात जावे लागते. तेथे ‘पाम्मातोने’ नावाचे मोठे रुग्णालय होते. पंधराव्या शतकात बार्तोलोमेओ बोस्को नावाच्या कायदेपंडिताने ते आपल्या पैशाने स्थापिले. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने ते उद्ध्वस्त झाले, आणि आज त्या जागी न्यायालय आहे. जुन्या चौकाच्या कमानी मात्र राखल्या आहेत. जवळच्या मंदिरात जिनोआच्या संत कॅथरिनचा देह आहे.

कॅथरिन फिएस्की १४४७ साली जन्मली. फिएस्की आणि अदोर्नो ही दोन मोठी घराणी परस्परांची वैरी. ते वैर मिटावे म्हणून सोळाव्या वर्षी तिचे लग्न जुलियानो अदोर्नोशी लावून देण्यात आले. नवरा उधळ्या, रागीट आणि परस्त्रीच्या नादी लागलेला. दहा वर्षे तिने दुःखात काढली. १४७३ साली, पापनिवेदनासाठी गुडघे टेकले असता, देवाच्या प्रीतीने तिचे हृदय एकाएकी भेदले गेले. त्यानंतर ती पाम्मातोनेत रोग्यांची शुश्रूषा करू लागली. नवऱ्याचे दिवाळे निघाले आणि त्याचेही हृदय पालटले. मग दोघे नवराबायको रुग्णालयाजवळच राहून सेवा करू लागली. नवऱ्यास परस्त्रीपासून झालेल्या मुलीचीही तरतूद तिने केली. १४९० पासून काही वर्षे रुग्णालयाचा सारा कारभार तिच्याकडे होता, आणि त्यातच १४९३ ची भयंकर प्लेगची साथ आली. १५१० साली ती वारली आणि १७३७ साली तिला संतपद मिळाले. ज्या लग्नाने घराण्यांचे वैर मिटावयाचे होते, त्याने आधी एका घरातले वैर मिटविले, आणि हे काम पुष्कळ अधिक कठीण आहे.

तिचा शिष्य एत्तोरे व्हेर्नात्सा हा नोटरी. सान जोर्जोच्या पेढीचे कर्जरोखे सावकारांच्या पेटीत असत, तसे त्याच्याही जवळ होते. पण त्याने ते लोकोपयोगी कामांकडे लावून दिले. असाध्य रोग्यांसाठी त्याने रुग्णालय काढले, आणि १५२४ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यातच तो मेला. त्याच्याही आधी, १३७१ साली, फ्रांचेस्को व्हिवाल्दी नावाच्या गृहस्थाने आपले रोखे नगरास देऊन अशी व्यवस्था केली की, त्यांचे व्याज मुद्दलात मिळत जावे आणि त्या वाढत्या रकमेतून नगराचे कर्ज फेडले जावे. ज्या वाड्यापासून आपण निघालो, त्याच्या दालनात अशा दात्यांचे पुतळे आहेत. मोठी देणगी देणाऱ्याचा पुतळा बसलेला आणि त्याहून लहान देणाऱ्याचा उभा, अशी तेथील रीत होती. व्यापारी नगराने दानाचेही माप ठरविले होते, हे पाहून हसू येते. पण माप ठरविले म्हणजे दान होत होते, हेही खरे.

पोर्तोरियाहून परतताना सान मात्तेओचा लहान चौक लागतो. येथील मंदिर दोरिया घराण्याचे, ११२५ साली स्थापन झालेले. त्याच्या काळ्यापांढऱ्या दर्शनी भिंतीवर घराण्याचे विजय ओळीओळीने कोरलेले आहेत, आणि कुर्झोलाचा विजेता लाम्बा दोरिया याची शवपेटी त्याच भिंतीत आहे. आत तळघरात १५६० साली वारलेल्या आंद्रेआ दोरियाची समाधी आहे. एकाच घराण्याने किती लढाया मारल्या हे वाचता वाचता मान दुखते. एकही ओळ पराजितांच्या विधवांविषयी नाही. ती ओळ आपण काम्पोपिसानोत वाचून आलो.

येथून उत्तरेस पुन्हा बोळ सुरू होतात. जिनोआकर त्यांस ‘कारुज्जी’ म्हणतात. काही इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींस लागावेत. पण कोपऱ्याकोपऱ्यावर, आपल्या गावी जसे वाटेवर क्रूस असतात तसे, पवित्र मरियेचे कोनाडे आहेत. १६३७ साली या प्रजासत्ताकाने धन्य कुमारीस आपल्या नगराची राणी म्हणून जाहीर केले. अंधाऱ्या बोळात रात्री तिच्यापुढील दिवा हाच वाटसरूचा दिवा असे.

बोळ संपतो आणि एकदम प्रकाश येतो. हा ‘स्त्रादा नोव्हा’, म्हणजे नवा रस्ता. आज त्यास गॅरिबाल्डीचे नाव आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास धनिकांनी येथे ओळीने प्रासाद उठविले. नगरास राजवाडा नसल्यामुळे परदेशचे राजे व वकील आले म्हणजे त्यांस या घरांतून उतरविण्याची रीत होती, आणि त्यासाठी १५७६ पासून घरांची अधिकृत यादी ठेवीत. या रस्त्यांना व प्रासादांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. यांपैकी ‘तांबडा वाडा’ आणि ‘पांढरा वाडा’ हे दोन, त्यांतील चित्रसंग्रहासह, मारिया ब्रिन्योले-साले या घराण्याच्या शेवटच्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात नगरास देऊन टाकले. तिच्या नवऱ्याने, गाल्लिएराच्या ड्यूकने, १८७५ साली बंदराच्या वाढीसाठी दोन कोटी लिरा दिले. बंदराने जे दिले होते त्यातले काही बंदरास परत मिळाले.

आणि आता त्या साखळदंडाची उरलेली हकीकत सांगून ही फेरी पुरी करतो. १३६२ साली फ्लॉरेन्सच्या लोकांनीही पिसाच्या बंदराच्या साखळीचा एक भाग हिसकावून नेला होता. तो त्यांनी १८४८ साली परत केला. पुढे १८६० साली पिसाचा टस्कनी प्रांत आणि जिनोआ एकाच राज्याखाली आले. तेव्हा जिनोआच्या लोकांनी वेशीवर चढून ५७० वर्षे टांगलेले ते तुकडे खाली उतरविले आणि पिसास पाठवून दिले. पिसाच्या कलत्या मनोऱ्याजवळ ‘काम्पोसान्तो’ नावाचे प्राचीन स्मशान आहे. त्याच्या भिंतीवर ती साखळी आज शांतपणे लटकत आहे. लोखंड तेच, कड्या त्याच. परंतु शत्रूच्या वेशीवर ती अपमान होती आणि घरी ती समेटाची खूण झाली. हा बदल करण्यास सैन्य लागले नाही. एक शिडी आणि ती लावण्याची इच्छा, एवढेच लागले. इच्छा होण्यास मात्र ५७० वर्षे लागली.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा इतिहास या पुस्तिकेत इतरत्र आला आहे. कोणी जमीन दिली, कोणी घंटा दिली, कोणी डोक्यावरून दगड वाहिले, त्यांची नावे तेथे आहेत आणि असावीतच. पण तुमचा धर्मगुरू या नात्याने मला आणखी एक इतिहास ठाऊक आहे, आणि तो कोणत्याही पुस्तिकेत छापता येत नाही. एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ बांधावरून भांडले आणि आज मिस्सेला देवळाच्या दोन टोकांस बसतात. विहिरीच्या वाट्यावरून दोन घरांत बोलणे बंद आहे, आणि का बंद झाले ते नातवंडांस ठाऊकही नाही. त्यांना एवढेच ठाऊक की त्या घरी जावयाचे नाही. कोणाच्या पेटीत दुसऱ्याच्या जमिनीचा कागद आहे. कोणी वर्षानुवर्षे एखाद्याचा जुना अपराध चारचौघांत आठवून देतो. हे सारे आपापल्या वेशीवर टांगलेले साखळदंड आहेत, आणि आपण मुलांस बोट दाखवून ते दाखवीत आहोत.

सनईचौघडे वाजोत, पताका लागोत, पंगती उठोत. मी स्वतः पंगतीत बसणार आहे. परंतु महोत्सवाची मिस्सा होण्यापूर्वी आपल्यापैकी एका जरी घराने शिडी लावून एक जरी साखळी उतरविली आणि ज्याची त्यास नेऊन दिली, तर आपला योबेल खरा झाला असे मी समजेन. जिनोआस लागला तेवढा काळ आपल्याजवळ नाही. परमेश्वर आपणा सर्वांस ती बुद्धी देवो.